मिटणारं पातं

रात्री सगळी कामं आवरली की मी टेबलाच्या खणातून माझा चाकू बाहेर काढते. कापायचं असं काहीच नसतं. दिव्याखाली बसायचं, अंगठा पात्यावरच्या बारीक खुंटीला लावायचा आणि हलकेच रेटायचं. पहिल्यांदा पातं किंचित अडतं. मग तो अडसर सुटतो, पातं लोण्यावरून सरकावं तसं अर्धं वर्तुळ फिरून जातं आणि टोकाला पोचलं की आवाज येतो, टक्. एकच आवाज, कोरडा आणि भरीव. मागाहून खुळखुळ नाही की थरथर नाही.

मिटवताना पातं उघडं धरून ठेवणारी आतली पट्टी, म्हणजे लॉक, अंगठ्याने बाजूला सारायची आणि पातं खाली आणायचं. शेवटच्या चार-पाच अंशांत बोटांना काही करावंच लागत नाही. पातं आपणहून आत ओढलं जातं. हातात उरतो एक चपटा, थंड, कडा मारलेला तुकडा. डोळे मिटून त्याच्यावर कुठेही बोट फिरवावं, कुठेही काही लागत नाही. लोक चाकूच्या धारेबद्दल बोलतात, पोलादाबद्दल बोलतात. मला विचाराल तर घडीच्या चाकूचं सगळं कौतुक या मिटण्यात आहे. तो नीट मिटावा म्हणून कारागिराने जे जे केलेलं असतं, ते बहुतेक कुणाला दिसत नाही. म्हणूनच मला त्याबद्दल लिहायचंय.

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक कारखान्यात बनलेला घडीचा चाकू वापरत होते. कुठल्या कंपनीचा होता याला आता अर्थ नाही. दिसायला देखणा होता, धारही चांगली होती. जाड पुठ्ठ्याला भोक पाडताना टोक आत रुतलं, मी ते थोडं तिरकं करून सोडवायला गेले, पात्याच्या पाठीवर दाब आला आणि लॉक सुटलं. पातं बोटावर मिटलं. टाके पडले तीन. बोट बरं होत असताना मी तो चाकू पुन्हा पुन्हा उघडून पाहत बसायची. पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबलं की आतली पट्टी हळूच घसरून बाजूला जायची. दर वेळी. म्हणजे त्या दिवशी माझं नशीब फुटकं होतं असं नव्हतं. चाकू पहिल्यापासून तसाच होता, मला फक्त कळलेलं नव्हतं.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की घडीच्या चाकूत एक मूळचंच भांडण आहे. न मिटणाऱ्या चाकूचं बरं असतं. पातं आणि मूठ एकजीव, मध्ये हलणारं काही नाही. घडीच्या चाकूला मात्र कंबर असते. ती लोण्यासारखी मऊ फिरायला हवी आणि पुढच्याच क्षणी खांबासारखी घट्ट व्हायला हवी. सैल ठेवली की पातं डुगडुगतं, आवळली की उघडता उघडत नाही. दोन्ही गुण एकाच ठिकाणी हवेत, आणि त्या ठिकाणाचा आकार नखाएवढा.

हे भांडण माणूस फार जुन्या काळापासून सोडवत आलाय. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा एक मिटणारा चाकू इसवी सनापूर्वी ६००-५०० वर्षांच्या सुमाराचा मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं एक चांदीचं अवजार आहे. चमचा, काटा, टोचणी आणि लोखंडाचं पातं, सगळं एकाच मुठीत मिटतं. चांदी टिकली, पातं गंजलं. पण कल्पना तीच, की धारेने आपलं म्यान सोबत घेऊन फिरावं.

त्या जुन्या चाकूंत पातं उघडं धरून ठेवणारं काहीच नसायचं. बिजागरीचं घर्षण आणि वापरणाऱ्याची मूठ, एवढ्यावर भागायचं. जपानमध्ये मिकी इथे १८९०च्या दशकापासून बनत आलेला हिगोनोकामी चाकू अजूनही याच जातीचा आहे. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खिळी, आणि पात्याच्या बुडाला, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, बाहेर आलेलं शेपूट. उघडल्यावर ते शेपूट अंगठ्याखाली येतं, आणि अंगठा दाबलेला आहे तोवर पातं मिटत नाही. स्प्रिंग नाही, लॉक नाही. ज्याने धरलाय त्यानेच सांभाळायचा. मला तो साधेपणा मनापासून आवडतो. जोसेफ ओपिनेलने १८९० साली फ्रान्सच्या साव्वा भागात लाकडी मुठीचा जो चाकू केला तोही असाच साधा होता. त्याच्या गळ्यात फिरणारं लॉकचं कडं आलं ते १९५५ साली. कडं फिरवलं की फट बंद, पातं जागच्या जागी. पासष्ट वर्षं लोकांनी तो कड्याशिवाय वापरला, आणि मग एका पत्र्याच्या वळणाने प्रश्न सुटला.

मधल्या काळात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांनी पाठीच्या कमानीचा चाकू रुळवला. मुठीच्या पाठीला पोलादाची एक ताठ पट्टी असते आणि ती पात्याच्या बुडावर सतत दाबून बसते. पातं उघडताना बुडाचे कोपरे त्या कमानीला वर उचलतात आणि पुन्हा खाली बसू देतात. जाणकार लोक असा चाकू हातात घेतला की त्याची चाल आणि त्याचा बोल पाहतात. चाल म्हणजे पातं फिरताना हाताला काय लागतं ते, आणि बोल म्हणजे जागेवर बसताना तो काय आवाज करतो ते. दोन चाकू दिसायला अगदी सारखे असू शकतात. बोल निराळा निघतो.

या कमानीच्या चाकूतली एक गोष्ट पाहिली तेव्हा मी थक्क झाले होते. चाकू पूर्ण उघडा असताना, अर्धा उघडा असताना आणि मिटलेला असताना, अशा तिन्ही वेळी कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी सपाट असायला हवी. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. आता गंमत अशी की पात्याच्या बुडाची एक बाजू कानसीने घासली की एका जागेची उंची बदलते, आणि ती जमवताना दुसरी बिघडू शकते. कारागीर डायल गेज हे बारीक फरक मोजायचं उपकरण लावून तिन्ही जागा मोजतो, केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक शोधतो, पुन्हा घासतो, पुन्हा मोजतो. एवढं करून गिऱ्हाइकाला काय मिळतं? बोट फिरवताना काहीही लागत नाही, हे मिळतं.

ज्या कारागिराने माझा चाकू केला त्यांना मी काका म्हणते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला नमुने दाखवले नाहीत. आधी कागद पुढे केला आणि म्हणाले, "हात ठेव." पेन्सिलीने माझ्या पंज्याची कड काढली, तळव्याची रुंदी मोजली, अंगठा कुठवर पोचतो ते पाहिलं. मग विचारलं, "काय कापतेस रोज?" मी म्हटलं, दोऱ्या, खोकी, पाकिटं, पेन्सिली, फळं. "मग टोक फार निमुळतं नको. मोडेल." त्यांनी माझ्या बोटावरची रेघ पाहिली होती. तिच्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, पण पुढचा अर्धा तास ते लॉकबद्दलच बोलले.

आराखडा त्यांनी पुठ्ठ्यात केला. पात्याचा एक तुकडा, मुठीचा एक तुकडा आणि मध्ये टाचणी. टाचणीभोवती पातं फिरवायचं आणि पाहायचं. सरळ चाकूची रेघ एकदा जमली की झालं. इथे प्रत्येक रेघ दोनदा जमावी लागते, उघड्या अंगाने आणि मिटलेल्या अंगाने. उघडा असताना मुठीची पाठ पात्याच्या पाठीत न अडखळता मिसळायला हवी, नजर सुळकन टोकापर्यंत जायला हवी. मिटल्यावर तेच पातं मुठीत पूर्ण मावायला हवं, टोक कुठेही डोकावता कामा नये आणि धार आत कशाला टेकता कामा नये, नाही तर दर वेळी मिटवताना बोथट होईल. शिवाय मुठीच्या लांबीत जास्तीत जास्त पातं बसवायचं. टाचणी दोन मिलिमीटर मागे घेतली की मिटलेलं टोक बाहेर येतं. पुढे घेतली की पातं आखूड होतं. काकांनी माझ्यासमोर नऊ पुठ्ठे कापले. दहावा कापून झाल्यावर तो उघडून, मिटवून, उलटा करून खिडकीशी धरून पाहिला आणि काही न बोलता खिशात टाकला. मला वाटतं तेव्हाच चाकू झाला. पुढचं सगळं त्या पुठ्ठ्याला जागणं होतं.

आता लॉकबद्दल सांगते, कारण माझा जीव त्यातच अडकलाय.

माझ्या चाकूत जी व्यवस्था आहे ती आजच्या रूपात आणली अमेरिकेतल्या मायकेल वॉकर या कारागिराने, १९८०च्या सुमारास. मुठीच्या आतल्या पत्र्यालाच उभी चीर देऊन लॉकची जीभ करायची, ही कल्पना त्याआधीची. १९०६ साली तिचं पेटंट झालेलं आहे, पण त्या चाकूंत पाठीची कमानही असायची आणि जीभ जोडीला. वॉकरने कमानच काढून टाकली. सगळा भार जिभेवर दिला. पत्र्याची ती लांब जीभ आतल्या बाजूला वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती उसळून पात्याच्या बुडामागे येऊन उभी राहते, आणि पातं परत फिरू शकत नाही. म्हणजे जो पत्रा मूठ आहे तोच स्प्रिंग आहे आणि तोच अडसर. शिवाय जिभेच्या टोकाशी दीडेक मिलिमीटरचा एक कडक छर्रा ठोकून बसवलेला असतो आणि पात्याच्या बुडावर त्याच्यापुरता एक इवलासा खळगा. मिटल्यावर छर्रा खळग्यात बसतो. म्हणून चाकू खिशात आपणहून उघडत नाही. म्हणूनच उघडताना ते पहिलं किंचित अडणं, आणि मिटवताना शेवटी ते आत ओढलं जाणं. माझ्या लाडक्या चार अंशांचं गुपित एवढंसं आहे, एक छर्रा आणि एक खळगा. खळगा केसभर इकडे झाला तर पातं मिटलेलं असूनही सैल राहतं. तिकडे झाला तर छर्रा त्यात बसतच नाही.

पुढे ख्रिस रीव्ह या कारागिराने आतला पत्रा वगळून मुठीच्या जाड भिंतीतूनच जीभ कापली. त्याच्या त्या चाकूचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. मुठीवर हात आवळला की आपलीच बोटं जिभेला आत दाबतात, म्हणजे जितकं घट्ट धराल तितकं लॉक पक्कं. माझा चाकू याच पद्धतीचा आहे. तर्जनीवर रेघ असलेल्या बाईसाठी काकांनी दुसरं काही निवडलं असतं तर नवल वाटलं असतं.

जीभ बुडाला कशी टेकते यावर सगळं अवलंबून असतं. पात्याचं बूड सरळ कापून चालत नाही, त्याला सात-आठ अंशांचा उतार द्यावा लागतो. उतार जास्त झाला तर दाब आल्यावर जीभ घसरते. माझ्या जुन्या चाकूत तेच झालं असावं. उतार कमी पडला तर जीभ पाचरीसारखी रुतून बसते आणि मिटवताना अंगठ्याने ढकलूनही सुटत नाही. त्यात माझ्या चाकूची मूठ आणि जीभ टायटॅनियमची, आणि टायटॅनियम कडक पोलादाला चिकटायला बघतं, म्हणून जिभेच्या टोकावर कार्बाइड या फार कठीण पदार्थाचा बारीक खरबरीत थर चढवतात किंवा पोलादाचा तुकडा बसवतात.

हे जमवण्याचं काम मी शेजारी बसून पाहिलंय. काकांनी पात्याच्या बुडाला काळ्या मार्करची शाई लावली, चाकू जोडला, उघडला, मिटवला, पुन्हा सुटा केला. बुडावर जिथे जीभ टेकली तिथली शाई खरवडून निघालेली. त्यांनी भिंग लावून पाहिलं, बारीक दगडावर बूड दोनदा ओढलं, पुसलं, पुन्हा शाई, पुन्हा जोडणी. दुपारपर्यंत हे १७ वेळा झालं. मी मोजत होते. बाराव्या वेळी चाकू हातात घेऊन मी पाठीवर जोरात दाबलं, पातं हललं नाही.

"काका, बसलं की आता."

"बसलंय. पण कुठे बसलंय ते बघ."

भिंगातून दाखवलं. शाई बुडाच्या वरच्या अंगाला, पातं ज्या खिळीभोवती फिरतं तिच्याजवळ निघाली होती. ती खालच्या अंगाला, खिळीपासून लांब निघायला हवी. खिळीजवळ टेकलेली जीभ पात्याला डुलायला वाव देते. आज जाणवत नाही, वर्षभराने जाणवतं. दाराला खिट्टी बिजागरीशेजारी लावली तर दार कसं हलेल, तसं. मग आणखी पाच वेळा.

शेवटी शाई खालच्या अंगाला निघाली आणि जीभ बुडाच्या रुंदीच्या सुरुवातीच्या एक-चतुर्थांशावर येऊन थांबली. पुढे तीन हिस्से मोकळे. मला ते अपुरं वाटलं. निदान निम्म्यावर तरी यायला नको का? काका म्हणाले, "पुढची जागा झिजण्यासाठी ठेवलीय. वापरशील तशी जीभ आत सरकत जाईल. तुला पुरेल."

मी गप्प झाले. या माणसाने माझ्या पुढच्या किती वर्षांच्या दोऱ्या, खोकी, पेन्सिली मोजून ती पाऊण जागा रिकामी सोडली होती. नव्या वस्तूच्या आत तिच्या म्हातारपणाची सोय.

पोलादाबद्दल थोडंच सांगते, कारण त्याच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. माझ्या चाकूचं पातं आरडब्ल्यूएल ३४ या स्वीडनमध्ये बनणाऱ्या पोलादाचं आहे. ती अक्षरं रॉबर्ट डब्ल्यू. लव्हलेस या अमेरिकन कारागिराच्या नावाची. एखाद्या पोलादाला चाकू करणाऱ्याचं नाव मिळावं, याचा मला फार आनंद वाटतो. हे पोलाद भुकटीपासून करतात. वितळलेल्या धातूचा फवारा उडवून त्याचे कण करायचे आणि मग ते कण प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली एकजीव करायचे. असं केल्याने आतले कठीण कण बारीक राहतात, सगळीकडे सारखे पसरतात, आणि धार बारीक लागते.

आपण म्हणतो, पोलादाला पाणी दिलं. काकांच्या भट्टीत पातं १०५० अंश सेल्सिअसच्याही वर तापून निघालं तेव्हा मी पाण्याची बादली शोधत होते. तिथे बादली नव्हतीच. पातळ पत्र्यात गुंडाळलेलं पातं त्यांनी अॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून धरलं. हे पोलाद एवढ्याने कडक होतं, त्याला पाण्याचा थेंब लागत नाही. नंतर कडक थंडीत ठेवायचं आणि मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा भाजून चढलेलं पाणी थोडं उतरवायचं, नाही तर पातं काचेसारखं तडकेल. भाषेतलं पाणी मात्र तसंच राहिलं. पाणीदार म्हणताना आपण आजही त्याच भट्टीतून बोलतो.

दमास्कस पोलादाच्या थरांची लाटालाटांची नक्षी कुणाला भुलवत नाही? अमेरिकेत बिल मोरान या कारागिराने १९७३ साली आपले दमास्कस पोलादाचे चाकू मांडले आणि हातकामाच्या चाकूंच्या जगात त्या नक्षीचं वेड नव्याने सुरू झालं. निकेल असलेले थर आम्लात उजळ राहतात, नसलेले काळवंडतात, आणि पाण्यावरच्या तरंगांसारखं काहीतरी उमटतं. सुंदर दिसतं, शंकाच नाही. पण काकांनी विचारलं तेव्हा मी साधं पातं मागितलं, हाताने घासलेलं. त्याचीही एक रीत असते. काचकागद १२० नंबरपासून सुरू करायचा, पुढचा बारीक कागद आधीच्या ओरखड्यांना छेद देत फिरवायचा, म्हणजे आधीचा एकही ओरखडा मागे राहिला तर लगेच दिसतो. २२०, ४००, ६००. शेवटचा हात मात्र एकाच दिशेने, न थांबता, बुडापासून टोकापर्यंत. मध्ये थांबलं तर तिथे माशाच्या शेपटीसारखी खूण उमटते आणि आधीचं सगळं पुन्हा करावं लागतं. माझं पातं दिव्याखाली तिरकं धरलं की त्यावर रेशमासारखा एकच पट्टा सरकतो. तो पट्टा कुठेही तुटत नाही. यंत्रावर चकाकी आणणं सोपं आहे, पण चकाकी चुका लपवते. हाताच्या या मंद झळाळीत चूक लपायला जागाच नाही.

मुठीसाठी शिंपला, मॅमथचा सुळा, नक्षीचं लाकूड, असं पुष्कळ काही वापरतात. रॉन लेक या कारागिराने धातूच्या चौकटीत तासून असे तुकडे इतके तंतोतंत बसवले की सांधा नखाला लागत नाही. अशा कामापुढे मी मान तुकवते. पण काचेच्या कपाटात जन्म काढणारा आणि कधीच न उघडला जाणारा चाकू पाहिला की मला हळहळ वाटते. ज्याच्या चालीसाठी एवढं केलं, तो चाललाच नाही. आणखी एक सांगायचं तर, मनगटाच्या झटक्याने चाकू फटकन उघडण्याचं जे कौतुक चालतं तेही मला पटत नाही. झटक्यात काहीच कळत नाही. चांगला चाकू सावकाश उघडावा, म्हणजे मधल्या प्रत्येक अंशाला तो सारखाच फिरतो की कुठे जड होतो, ते बोटांना कळतं.

माझी मूठ साध्या टायटॅनियमची, राखाडी. बाहेरून काही नाही. पण मिटलेला चाकू उभा धरून फटीतून दिव्याकडे पाहिलं की आत निळं दिसतं. टायटॅनियमला रंग लावत नाहीत. विजेच्या प्रवाहात द्रावणात बुडवलं की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो, आणि थराची जाडी ठरवते की कुठला रंग दिसणार. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे हे रंग. ३० व्होल्टच्या आसपास निळा, त्याच्या दुपटीच्या जवळ सोनेरी, १००च्या आसपास हिरवा. लाल काही केल्या मिळत नाही. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग पडतो, म्हणून काका हे काम करताना श्वाससुद्धा जपून घेतात असं वाटायचं. मी विचारलं, आतच का? ते म्हणाले, "बाहेरचा रोज खिशात घासणार. आतला राहील." मग थोडं थांबून, "आणि तुलाच माहीत असेल."

मिळाल्यावर दोनेक वर्षांनी माझ्या हातून एक चूक झाली. चाकूत धूळ गेली असावी असं वाटून मी तो घरीच सुटा केला. स्क्रू काढले, पातं उचललं, पात्याच्या दोन्ही बाजूंना असलेले कांस्याचे दोन पातळ वॉशर पुसून ठेवले, छान तेल दिलं, जोडलं. आणि पातं एका अंगाला कललं. मिटवताना डाव्या भिंतीला घासू लागलं. स्क्रू सैल करून पाहिला, आवळून पाहिला. सैल केला की डुगडुगायचं, आवळला की चाल जड. दोन दिवस मी झोपले नाही असं म्हणणार नाही, पण नीट झोपले नाही हे खरं. निळ्या भिंतीवर घासल्याची बारीक रेघ उमटली होती.

काकांकडे घेऊन गेले. ते रागावले नाहीत. चाकू कानाशी नेऊन एकदा उघडला, मिटवला, आणि सुटा करून वॉशर बोटांच्या चिमटीत एकेक धरून पाहिले. मग जागा बदलून परत घातले. डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. स्क्रू आवळला. पातं दोन भिंतींच्या बरोबर मधोमध.

"सारखे नाहीत ते," म्हणाले. "पातं मध्यावर आणायला एक जरा जास्त घासलाय."

"किती?"

मायक्रोमीटर पुढे केला. मी मोजलं. फरक मिलिमीटरच्या दोन-शतांशाचा. डोळ्यांना दोन्ही वॉशर अगदी जुळे दिसत होते. काकांनी मात्र ते मोजायच्या आधीच, चिमटीत धरून ओळखले होते.

निळ्या भिंतीवरची ती रेघ अजून आहे. त्यांनी पुन्हा रंग चढवून देऊ का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. त्यानंतर मी अनेकदा चाकू सुटा केलाय, वॉशर काढताना डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे, पांढऱ्या कापडावर, मध्ये पात्याची जागा सोडून.

आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत त्याने किती दोऱ्या कापल्या, किती पेन्सिली तासल्या, याची गणती नाही. मूठ कडांना गुळगुळीत झालीय, अंगठा टेकतो तिथली राखाडी उजळलीय. पात्याला मी दगडावर सावकाश धार लावते, तेही आता सुरुवातीपेक्षा किंचित अरुंद झालंय. काल रात्री दिव्याखाली तो उघडून बुडाशी भिंग लावून पाहिलं. जीभ सरकलीय. एक-चतुर्थांशावर होती, आता एक-तृतीयांशाला टेकायला आलीय. तिच्यापुढे अजून बरीच मोकळी जागा आहे. मी खिळीजवळ तेलाचा एक थेंब सोडला, दोनदा उघडझाप केली, वर आलेलं तेल कापडाने टिपलं, आणि पातं मिटवलं.